फळं घातलेले स्कोन: घरात जे आहे त्यात कसे करायचे?

देवळाली_ते_डेव्हन | शनिवार, सकाळी ९:४०

मागच्या आठवड्यात बेकिंगच्या गप्पांमध्ये मी "आज स्कोन केले" एवढंच लिहिलं (स्कोन म्हणजे चहाबरोबर खायचा छोटा, यीस्टशिवाय फुगवलेला मऊ पाव), तर विपूत, म्हणजे माझ्या विचारपुशीत, सहा जणींनी कृती मागितली. सहा वेळा तेच टंकण्यापेक्षा धागाच काढते. ज्यांना आणखी काही युक्त्या माहीत असतील त्यांनी इथेच भर घाला.

नमनाला घडाभर नाही, वाटीभर तेल. मी अकरा वर्षांपासून इंग्लंडमधल्या डेव्हनमध्ये राहते, एक्सेटरच्या जवळ. इथे क्रीम टी म्हणजे दोन कोमट स्कोन, क्लॉटेड क्रीम, स्ट्रॉबेरी जॅम आणि किटलीभर चहा. डेव्हनवाले आधी क्रीम लावतात आणि त्यावर जॅम. टेमार नदीचा पूल ओलांडून कॉर्नवॉलमध्ये शिरलात की आधी जॅम, वर क्रीम. पुरणपोळी दुधाशी की तुपाशी यावरून आपल्याकडे जेवढं पेटतं, तेवढंच इथे यावरून पेटतं. उच्चाराचं भांडण वेगळंच. अर्धे 'स्कॉन' म्हणतात, अर्धे 'स्कोन'. त्यातून स्कॉटलंडच्या राजांचा जिथे राज्याभिषेक व्हायचा त्या स्कोन गावाचा उच्चार 'स्कून'. मी मराठीत स्कोन लिहिणार. ज्यांना पटणार नाही त्यांनी दिवे घ्यावेत, म्हणजे हलकेच घ्यावं.

मला हे शेजारच्या आजींनी शिकवले. ऐंशी पार केलेल्या, वजनकाटा न वापरणाऱ्या. मी त्यांच्या शेजारी काटा घेऊन उभी राहिले आणि त्यांच्या मुठी मोजल्या. त्यातून आलेलं प्रमाण असं:

मैदा २२५ ग्रॅम, बेकिंग पावडर ३ छोटे चमचे (सपाट, ५ मिलीचे), चिमूटभर मीठ, साखर ३० ग्रॅम, थंडगार बिनमिठाचं बटर ५५ ग्रॅम, दूध १५० मिली, बेदाणे ७५ ग्रॅम. वरून लावायला थोडं दूध. एवढ्यात आठ होतात. आमच्याकडे ते आठ संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत.

ओव्हन आधी २२० अंशांवर तापत ठेवा (पंख्याचा असेल तर २००). मैदा, बेकिंग पावडर, मीठ दोनदा चाळा. त्यात बटरचे तुकडे टाकून बोटांच्या टोकांनी चोळा. शंकरपाळ्याच्या पिठाला मोहन चोळतो ना, तेच. फरक एवढाच, की तिथे मोहन कडकडीत असतं आणि इथे फ्रीजमधून काढलेला दगड. शिवाय मूठ वळून मुटका होतो का, ही आपली परीक्षा इथे लावायची नाही. पीठ रवाळ दिसलं आणि मधेमधे मुगाच्या डाळीएवढे बटरचे कण राहिले की हात थांबवायचा. ते कण ओव्हनमध्ये वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि तिथे थर सुटतो. तळहाताने चोळलंत तर बटर ओव्हनच्या आधी तुमच्या हातातच वितळेल.

मग साखर, बेदाणे. मधे खळगा करून दूध एकदम ओता, थेंबथेंब नको. आणि सुरीने कालवा. हो, सुरीने. आजी हात घालू देत नाहीत. सगळं जेमतेम एकत्र आलं की ओट्यावर काढून दोन-तीनदा घडी घाला आणि हाताने थापा. लाटणं नको. जाडी पुरती अडीच सेंटीमीटर हवी. पहिल्या वेळी सगळ्यांचे चपटे होतात ते पीठ पातळ थापल्यामुळे, आणि दोष जातो बेकिंग पावडरला.

कटर पिठात बुडवून सरळ खाली दाबायचा आणि सरळ वर उचलायचा. फिरवला की कडा चिकटून बंद होतात आणि स्कोन एका बाजूला कलतो. वरून दूध लावा, पण ओघळ कडेवर येऊ देऊ नका, कारण तेच. ट्रेमध्ये जवळजवळ ठेवा, १२ ते १४ मिनिटं.

मळायचं नाही, हे शेवटी परत लिहिते. कणीक मळायची सवय असलेल्या हाताला हेच सगळ्यात अवघड जातं. मला चार घाणे लागले.

---

चकलीवाली | शनिवार, सकाळी ९:५८

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं)! फोटो कुठाय?

---

देवळाली_ते_डेव्हन | शनिवार, सकाळी १०:०५

फोटो चढत नाहीये. आकार मोठा आहे म्हणतो. फोटोचा की स्कोनचा ते सांगत नाही.

---

गंगापूररोड | शनिवार, दुपारी १२:२०

देवळाली_ते_डेव्हन (आजपासून तू देडे), सुंदर लिहिलं आहेस. काही बाळबोध प्रश्न, रागावू नकोस. इंटरनेटवरच्या सगळ्या कृतींत सेल्फ-रेझिंग फ्लोअर लिहिलेलं असतं, ते नाशकात आमच्या वाण्याकडे नाही. तू मैदा आणि बेकिंग पावडर दिलीस म्हणजे तेच ना? दुसरं, घरात खारं पिवळं बटर आहे. तिसरं, अंडं कुठेच दिसलं नाही, विसरलीस का? आणि चौथं, माझ्याकडे ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) आहे, २६ लिटरचा, त्याचा काटा मनाला येईल ते दाखवतो.

---

देवळाली_ते_डेव्हन | शनिवार, दुपारी ३:१५

रागावते कशाला. ओळीने सांगते.

सेल्फ-रेझिंग म्हणजे बेकिंग पावडर आधीच मिसळलेला मैदा. १५० ग्रॅम मैद्याला २ छोटे चमचे पावडर धर, झालं काम. ब्रिस्टॉलच्या हेन्री जोन्स नावाच्या बेकरने १८४५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, जहाजावरच्या खलाशांना कडक बिस्किटांऐवजी ताजा पाव मिळावा म्हणून. त्याच्या दोन वर्षं आधी, १८४३ मध्ये, बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने बेकिंग पावडर तयार केली होती. त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं. अंडंही सोसत नव्हतं, म्हणून त्याने अंड्याशिवायचं कस्टर्डही करून ठेवलं होतं. म्हणजे "हे नाही, तर त्याऐवजी काय?" हा आपला धागा पावणेदोनशे वर्षं जुना आहे.

खारं बटर खुशाल वापर, फक्त वरचं मीठ घालू नकोस. जॅम गोड असतो, त्यामुळे ती खारट चव उलट बरी लागते.

अंडं विसरले नाही. काही घरांत घालतात, त्याने रंग येतो आणि आतला भाग जरा केकसारखा होतो. आजी घालत नाहीत. घालायचंच तर एक अंडं फेटून मापाच्या भांड्यात घे आणि दूध ओतून सगळं मिळून १५० मिली कर. नाहीतर पीठ सैल होईल. वरून अंडं लावतात ते फक्त चकाकीसाठी. दूध लाव, किंवा पातळ साय.

ओटीजी पंधरा मिनिटं तरी आधी तापव, दिवा विझला म्हणजे तापला असं समजू नकोस. ट्रे मधल्या खाचेत ठेव. वरचा रॉड जवळ असतो, त्यामुळे माथा लवकर लाल होतो आणि पोट कच्चं राहतं. आठव्या मिनिटाला बघ, रंग आला असेल तर वर फॉइल टाक. एक स्कोन उलटा करून बुडावर टिचकी मार. पोकळ आवाज आला की झाला.

---

खवचट_खवय्या | शनिवार, संध्याकाळी ६:३०

एवढ्या खटाटोपातून जे होणार त्याला आमच्या पेठेत 'कालचा बनपाव' म्हणतात. हलके घ्या.

---

देवळाली_ते_डेव्हन | शनिवार, संध्याकाळी ६:४१

दुसऱ्या दिवशी खाल्लात तर तुमचं बरोबर आहे. स्कोन त्याच दिवशी खायचा. भाकरी तव्यावरून पानात, तसं.

---

हौशी_बल्लव | रविवार, सकाळी ११:०२

मंडळी, कालच करून बघितले. बायको माहेरी आणि मुलगी घरी, त्यामुळे प्रयोगाला वाव होता. निकाल ऐका आणि हसा.

इंटरनेटवर एका ठिकाणी 'बटरमिल्क' वाचलं. बटरमिल्क म्हणजे ताक, एवढं इंग्रजी येतं. कोपऱ्यावरच्या डेअरीतून पिशवी आणली, १५० मिली मोजून ओतलं. पिठाचं पिठलं झालं. म्हणून आणखी मैदा घातला. तरी चिकट, म्हणून आणखी. शेवटी थापून, वाटीने कापून भाजले. दिसायला बरे होते. मुलीने एक घास घेतला आणि विचारलं, "बाबा, यात जिरं का आहे?"

पिशवी उलटी करून पाहिली. मसाला ताक. आलं, मिरची, हिंग, कोथिंबीर, सगळं होतं. आणि मी त्यात बेदाणे घातले होते.

फुगलेही नाहीत. आता नीट सांगा, ताक चालतं की नाही?

---

चकलीवाली | रविवार, सकाळी ११:१०

ऑफिसमध्ये बसून वाचायचा धागा नाही हा. चहा नाकातून आला.

---

सामू | रविवार, दुपारी १:४५

बल्लवराव, चूक तुमची कमी आणि शब्दाची जास्त. इंग्लंड-अमेरिकेत बाटलीतून मिळतं ते बटरमिल्क विरजण लावून आंबवलेलं दूध असतं, दाट, साधारण आपल्या फेटलेल्या दह्यासारखं. आपलं ताक म्हणजे त्यात तेवढंच पाणी. कृतीतल्या १५० मिलीमध्ये तुम्ही निम्म्याहून जास्त पाणीच ओतलंत. म्हणून पिठलं. मग वरून मैदा घातलात, पण बेकिंग पावडर तेवढीच राहिली. म्हणून फुगले नाहीत. आणि घट्ट करताना मळलंही असणार. हो ना?

बटरमिल्कऐवजी तीन भाग साधं दही आणि एक भाग पाणी किंवा दूध, फेटून घ्या. दही नसेल तर १५० मिली दुधात दोन छोटे चमचे लिंबाचा रस पिळून दहा मिनिटं ठेवा. फाटल्यासारखं दिसेल, तसंच वापरायचं. व्हिनेगरनेही होतं.

आंबट काहीही वापरलं तर एक बदल करा. तीनपैकी एक चमचा बेकिंग पावडर कमी करा आणि पाव छोटा चमचा खायचा सोडा घाला. सोडा हा अल्क, दही आम्ल. दोघं भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, ढोकळ्यात सुटतो तोच. बेकिंग पावडर म्हणजे काय, तर सोडा आणि कोरडं आम्ल एकाच डब्यात, ओलं होईपर्यंत शांत बसलेलं. नुसत्या दुधात नुसता सोडा घातलात तर त्याला भेटायला कोणी नसतं. मग साबणासारखी चव येते.

डबा जुना असेल तर आधी चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून बघा. फसफसली नाही तर ती मोरीत जाऊ द्या.

---

हौशी_बल्लव | रविवार, दुपारी २:००

मळलं. चांगलं दहा मिनिटं मळलं. कबूल.

---

गंगापूररोड | रविवार, रात्री ९:३०

आले, फुगले, संपले! मी एक लबाडी केली. आमच्याकडे ३८ अंश तापमान आहे, बटर ओट्यावर ठेवलं की डोळ्यांदेखत बसतं. म्हणून फ्रीझरमध्ये दगड केलं आणि किसणीवर जाड किसलं, थेट मैद्यात. चोळायला लागलंच नाही, नुसतं बोटांनी सोडवलं. मैद्याचं भांडंही आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलं होतं.

कटर नव्हता. वाटीची कड बोथट असते, ती कापत नाही, चेंगरते. शेवटी चौकोन थापला आणि धारदार सुरीने आठ तुकडे केले. शंकरपाळ्याचं कातणं फिरवायचा मोह झाला होता. एकावर फिरवलंही. दिसायला गोड, पण कड दाबली गेली आणि तो एकटा बुटका राहिला.

---

देवळाली_ते_डेव्हन | रविवार, रात्री १०:१५

किसणीची युक्ती इथेही करतात, उन्हाळ्यात मीही करते. चौकोन कापण्यात एक फायदा आहे, कडेचे तुकडे उरत नाहीत. गोल कापले की उरलेलं पीठ परत गोळा करावं लागतं आणि त्या दुसऱ्या फेरीचे स्कोन नेहमी वेडेवाकडे. आजी ते आधी संपवतात, पाहुण्यांच्या आधी.

---

मिडटाऊन_मावशी | सोमवार, पहाटे ४:५०

अमेरिकेतून हजेरी. आमच्याकडचा स्कोन त्रिकोणी, थोराड, जास्त बटरचा, जास्त साखरेचा, दुधाऐवजी क्रीमचा आणि वर साखरेच्या पाकाचा थर. त्याला वेगळं बटर-जॅम लागतच नाही. ब्रिटिश मैत्रीण त्याला स्कोन म्हणायला तयार नाही.

माझी तक्रार निराळी आहे. गोठवलेल्या ब्लूबेरी घातल्या. आधी नीट वितळवून, पाणी गाळून. तरी पीठ करडं झालं आणि भाजल्यावर फळांभोवती चक्क हिरवी वर्तुळं. मुलगा म्हणाला बुरशी आली. चवीला ठीक होते, पण शाळेत पाठवायची हिंमत झाली नाही.

---

सामू | सोमवार, सकाळी ८:२०

मावशी, सोडा जास्त झाला, किंवा नीट मिसळला गेला नाही. ब्लूबेरीतला जांभळा रंग आम्लात लालसर होतो आणि अल्कात निळा-हिरवा. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो ना, त्याच जातीचा खेळ. जांभूळ, काळी द्राक्षं, तुती, सगळ्यांचं हेच. अशा फळांना नुसती बेकिंग पावडर वापरा, सोडा नको. किंवा थोडा लिंबाचा रस पिठात जाऊ द्या.

आणि गोठवलेली फळं वितळवायची नाहीत. वितळली की पेशी फुटलेल्या असतात, सगळा रस बाहेर येतो. फ्रीझरमधून काढा, चमचाभर कोरड्या मैद्यात घोळवा, सगळ्यात शेवटी घाला, लगेच ओव्हनमध्ये. दोन-तीन मिनिटं जास्त लागतील.

---

काजूबोंड | सोमवार, सकाळी ११:३५

रत्नागिरीहून. बेदाणे घरात नव्हते म्हणून हाताला आलं ते घातलं आणि आता बेदाण्यांकडे वळून बघणार नाही.

आंबापोळी. गेल्या मे महिन्यातली, घरची, उन्हात वाळवलेली. कात्रीने नखाएवढे तुकडे केले. कात्री दर दोन मिनिटांनी पिठात बुडवायची, नाहीतर तुकडे एकमेकांना धरून बसतात. ७५ ग्रॅम घातली आणि साखर निम्मी केली. भाजल्यावर ती विरघळत नाही, मऊ पडते आणि दाताला जराशी चिकटते. आंबटगोड. दुसऱ्या घाण्यात फणसपोळी घातली. वासाने शेजारची काकू विचारायला आली की आज काय, सांदणं का?

ताजा हापूस घालून बघू नका. मी बघितला. मधे लगदा झाला आणि भोवती कच्चं पीठ.

---

देवळाली_ते_डेव्हन | सोमवार, दुपारी १:१०

काजूबोंड, हे मला अकरा वर्षांत का सुचलं नाही? पुण्याहून आलेली आंबापोळी मी नुसती खाऊन संपवते.

ताज्या फळांचं सांगते, कारण तिथेच सगळे फसतात. स्ट्रॉबेरीत नव्वद टक्के पाणी असतं. १०० ग्रॅम स्ट्रॉबेरी घातलीत म्हणजे ९० मिली पाणी पिठात सोडायला तयार ठेवलंत. म्हणून ताजं फळ घालायचं तर दूध १५० ऐवजी ११०-१२० मिली घ्या आणि लागलं तर चमच्याने वाढवा. स्ट्रॉबेरीचे छोटे तुकडे करून स्वच्छ पंचावर पसरायचे, वर साखर भुरभुरवायची नाही, साखरेने पाणी सुटतं. तासभर फ्रीझरमध्ये कडक करून घेतले तर उत्तम. सफरचंद किसून घट्ट पिळायचं आणि ते पिळलेलं पाणी दुधाच्या जागी वापरायचं. पिकलेलं केळं नकोच, त्याचा केक करा. अंजीर सुकं घ्या, चार तुकडे करा. चिकू सुकवलेला मिळाला तर चालेल.

बेदाणे मात्र उलट. ते कोरडे असतात, पिठातलं दूध पितात आणि वर आलेले ओव्हनमध्ये जळून कडू होतात. अर्धा तास गरम कोऱ्या चहात भिजवा, निथळा, पुसा. तासगावचे हिरवट लांबट बेदाणे आमच्या इथल्या 'सुलताना' बेदाण्यांपेक्षा जास्त आंबट असतात, मला स्कोनमध्ये तेच आवडतात.

---

यारातीर | सोमवार, दुपारी २:३०

मेलबर्नहून. तुम्ही सगळे एवढे कष्ट करताय ते बघून हसू येतंय. आमच्याकडे लेमनेड स्कोन करतात. सेल्फ-रेझिंग फ्लोअर तीन कप, क्रीम एक कप, लेमनेड एक कप. संपलं. बटर नाही, चोळणं नाही. इथे लेमनेड म्हणजे लिंबू सरबत नव्हे बरं का, पांढरं फसफसणारं गोड पेय. क्रीममधून स्निग्धांश येतो, पेयातून साखर आणि बुडबुडे. पीठ चिकट असतं, घाबरायचं नाही, पिठाच्या हाताने थापायचं.

आणि क्वीन्सलंडमध्ये भोपळ्याचे स्कोन प्रसिद्ध आहेत. तिथल्या प्रीमियरच्या (म्हणजे राज्याच्या मुख्यमंत्र्याच्या) पत्नी आणि पुढे स्वतः सिनेटर झालेल्या फ्लो ब्येल्के-पीटरसन त्यांच्या भोपळ्याच्या स्कोनसाठीच ओळखल्या जायच्या. लाल भोपळा वाफवून, गाळून, गार करून. पहिल्यांदा खाल्ले तेव्हा मला घारग्यांची आठवण आली. दुसऱ्यांदा केले तेव्हा वेलची आणि गूळ घातला.

---

हौशी_बल्लव | सोमवार, दुपारी ४:००

तीन जिन्नस! हे आधी सांगायला काय झालं होतं?

---

पंचगंगा | सोमवार, रात्री ८:५०

ते क्लॉटेड क्रीम म्हणजे नेमकं काय ओ? कोल्हापुरात म्हशीचं दूध आहे, तेवढ्यावर भागंल का?

---

देवळाली_ते_डेव्हन | सोमवार, रात्री ११:२०

पंचगंगा, तुमचं भागेलच, आमच्यापेक्षा बरं भागेल.

दाट दूध किंवा क्रीम पसरट भांड्यात मंद आचेवर कित्येक तास ठेवतात, उकळू देत नाहीत, मग तसंच रात्रभर निवत ठेवतात. वर जो जाड, पिवळसर, सुरकुतलेला थर येतो तो उचलतात. ओळखीचं वाटलं ना? मी पहिल्यांदा एका चहाच्या दुकानात ती वाटी बघितली आणि म्हटलं, ही तर साय. देवळालीला माझी आजी सायीवर साखर घालून पोळीची सुरळी करून द्यायची, हुबेहूब तो वास.

फरक स्निग्धांशाचा. कॉर्निश क्लॉटेड क्रीमला १९९८ पासून भौगोलिक नावाचं संरक्षण आहे आणि त्यात किमान ५५ टक्के स्निग्धांश लागतो. म्हशीच्या दुधाची साय दोन-तीन दिवसांची साठवा, पण आंबट होऊ देऊ नका. चमच्याने हलकीच घोटा. फेटू नका, लोणी निघेल. चिमूटभर मीठ. बाजारचं पातळ क्रीम फेटून लावतात त्यापेक्षा हे कितीतरी जवळचं आहे.

लोणीही चालतं, अर्थात. इराण्याकडे ब्रून-मस्का खाल्लेल्याला सांगायला नको.

---

मुकामपोस्ट_ग्लासगो | मंगळवार, पहाटे १:३०

ओव्हन नसलेल्यांसाठी कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. स्कोन हा मूळ स्कॉटलंडचा पदार्थ आणि तो आधी तव्यावरच व्हायचा. गर्डल म्हणतात त्या सपाट बिडाच्या तव्याला. मोठी गोल भाकर थापायची, चार किंवा सहा फाके करायचे आणि तव्यावर भाजायचे. आजही मिळतात.

माझ्याकडे पुण्याहून आणलेला बिडाचा तवा आहे. वरचंच पीठ, पण जाडी जेमतेम एक सेंटीमीटर. तवा मध्यम तापवून गॅस बारीक. तेल नाही, तूप नाही, फक्त मैद्याची चिमूट. ती चिमूट लगेच काळी पडली तर तवा जास्त तापलाय. एका बाजूला पाच-सहा मिनिटं, मग उलटा, पुन्हा तेवढीच. शेवटी कडा तव्याला टेकवून उभे भाजायचे, नाहीतर बाजूचं पीठ ओलं राहतं. फळ बेदाण्याचंच, बारीक चिरून. ताजं फळ तव्याला चिकटून जळतं.

घरी बटर नव्हतं तेव्हा थिजलेलं तूप चोळलं. तुपात पाणी नसतं, त्यामुळे थर सुटत नाहीत. नानकटाईच्या वळणावर जातो, खुसखुशीत. वाईट नाही, वेगळा.

---

गंगापूररोड | मंगळवार, सकाळी १०:१०

सासूबाईंनी तव्याचं वाचलं आणि म्हणाल्या, म्हणजे हा गोड दशमीचा चुलतभाऊच. कणकेचे होतील का, विचारताहेत.

---

देवळाली_ते_डेव्हन | मंगळवार, दुपारी १२:४५

होतील, पण सगळी कणीक नको. निम्मी कणीक, निम्मा मैदा. चक्कीची कणीक पाणी जास्त ओढते, म्हणून दूध दोन मोठे चमचे वाढवा आणि थापण्याआधी दहा मिनिटं झाकून ठेवा. नाचणी पाव भागापर्यंत चालते, तिच्याबरोबर गूळ आणि सुकं अंजीर छान लागतं. त्याहून जास्त नाचणी झाली की स्कोन कापताना भुगा होतो. गूळ किसून आणि चाळून घ्या, खडा राहिला तर तिथे काळा डाग आणि भोक पडतं.

दूध चालत नसेल त्यांच्यासाठी: नारळाचं दाट दूध आणि दोन चमचे लिंबाचा रस, बटरऐवजी फ्रीजमध्ये थिजवलेलं खोबरेल. खायचं शुद्ध खोबरेल, डोक्याचं नव्हे. बल्लवरावांसाठी मुद्दाम लिहिते आहे.

---

हौशी_बल्लव | मंगळवार, दुपारी १२:५२

एकदा चुकलं की जन्मभर.

---

हौशी_बल्लव | ११ जानेवारी, रात्री ९:०५

धागा वर काढतोय.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी सोसायटीच्या दारात आली. देडेंनी सांगितल्याप्रमाणे तुकडे करून पंचावर पसरले, तासभर फ्रीझरमध्ये, दूध ११० मिली, त्यातलं निम्मं साधं दही (पिशवी दोन्ही बाजूंनी वाचली), एक चमचा पावडर कमी आणि पाव चमचा सोडा. बटर किसणीवर. सुरीने कालवलं. हात मागे बांधून ठेवायची वेळ आली होती, पण मळलं नाही. स्ट्रॉबेरीभोवती जरा जांभळट छटा आली, हिरवी नाही.

आठ केले, तीन कडेने फुटले, मधोमध आडवी चीर पडून. हे वाईट का?

---

देवळाली_ते_डेव्हन | ११ जानेवारी, रात्री ११:४०

वाईट? ती आडवी चीर बघायला इथे लोक मान वाकडी करतात! तिथूनच हाताने दोन भाग करायचे, सुरी लावायचीच नाही. अभिनंदन.

उरलेले असतील तर गार झाल्यावर लगेच फ्रीझरमध्ये टाका. खायच्या वेळी तसेच थंड १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं. मायक्रोवेव्ह नको, चामडं होतं.

---

हौशी_बल्लव | ११ जानेवारी, रात्री ११:४४

उरलेले म्हणजे काय?

---

देवळाली_ते_डेव्हन | १९ जानेवारी, दुपारी ४:३०

काजूबोंड, हा निरोप तुला. भावाने पाठवलेली आंबापोळी शेवटी आली. काल स्कोन केले आणि त्यातले चार शेजारच्या आजींकडे नेले. त्यांनी एक फोडला, केशरी तुकडा नखाने उचलून खिडकीच्या उजेडात धरला, हे काय विचारलं. मी वाळवलेला आंबा म्हटलं. क्रीम लावलं (आधीच, अर्थात), मग जॅमची बरणी जवळ ओढली आणि झाकण न उघडता परत सरकवली. दुसरा खाल्ला. मग कागदावर 'मँगो' आणि पुढे प्रश्नचिन्ह काढून तो कागद फ्रीजला लावला.

आज सकाळी तो कागद माझ्या दाराच्या फटीतून आत आला होता. खाली फक्त आकडा: २०० ग्रॅम.

फेब्रुवारीत कोणी पुण्या-मुंबईहून ब्रिस्टॉल किंवा एक्सेटरकडे येणार असेल तर विपू करा. दोन पाकिटं आंबापोळी हवी आहे, एक फणसाची.